दहा मिनिटं तोंड बंद

आमच्या लॅबला दोन दारं आहेत. एक पुढचं, दवाखान्याच्या लांबलचक बोळात उघडणारं. दुसरं मागचं, त्यातून प्लॅस्टरची पोती येतात, गॅसचे सिलिंडर येतात, कधीमधी एक मांजर येतं. माणसं काही मागच्या दारानं येत नाहीत.

तो आला.

सकाळचे अकरा वाजले असतील. बाहेर भुरभुर पाऊस होता... छत्री उघडावी की नको, असा घोळ घालणारा. मी मशीनवर प्लॅस्टरचा साचा घासत होते. कोपरापर्यंत पांढरी, केसांत पांढरी, नाकाच्या शेंड्यावरसुद्धा पांढरी. आणि दारात हा उभा. एका हातात रुमालाची पुरचुंडी, दुसरा हात तोंडावर.

"दातांचा विभाग?" त्यानं हाताआडून विचारलं.

"हे मागचं दार आहे. रांग पुढे असते."

"रांगेतच होतो. तासभर. मग... हरवलो."

"रांगेत उभं राहून माणूस हरवतो?"

"पाणी प्यायला बाहेर पडलो. परत येताना सगळी दारं सारखीच."

मला हसू आलं. माझं बघून तोही हसला आणि लगेच कळवळला. त्या अर्ध्या क्षणात त्याचा हात तोंडावरून बाजूला झाला, आणि मला त्याचे दात दिसले. खालचे पुढचे दोन, भांडण झाल्यासारखे एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले. डाव्या बाजूला वरच्या-खालच्या दातांत मिळून एक गोल खाच.

"अय्या! तुम्ही एकशे बेचाळीस!"

तो एक पाऊल मागे सरकला. "मी... काय?"

"म्हणजे तुमचे दात. एकशे बेचाळीस नंबर. परवाच तुमचा ट्रे करून वर पाठवला मी."

आता हे जरा सांगायला हवं. मी दातांची डॉक्टर नाही. डॉक्टर माणसांच्या तोंडात काम करतात, मी त्या तोंडांच्या प्लॅस्टरमधल्या नकलांवर. कवळ्या, टोप्या, साचे. सात वर्षं हेच करते आहे. हजारो तोंडं पाठ आहेत मला, पण त्यातला एकही माणूस मी कधी पाहिलेला नव्हता.

"म्हणजे हा तुमचाच प्रताप." त्यानं रुमाल उघडला. आत माझा ट्रे. दातांवर मोज्यासारखा चढणारा, मऊ, पारदर्शक. "चावतो हा."

"ट्रे चावत नाही. दात चावतात."

"हा चावतो." त्यानं गालाला बोट लावलं. "इथे."

मी ट्रे उजेडात धरला. कड खरंच लांब राहिली होती. हिरडीत रुतत असणार. चूक माझी होती. आणि ती का झाली होती तेही मला पक्कं ठाऊक होतं. रागारागात काम केलं की असंच होतं.

"तुम्ही पाइप ओढता ना?" मी विचारलंच. "दातांतली ती खाच... तोंडाची ही दशा आणि वर पाइप! तुमचा साचा हातात आला तेव्हाच मी चिडले होते."

"ओढत नाही," तो म्हणाला. "फुंकतो."

"म्हणजे?"

"काच. मी काच फुंकतो. प्रयोगशाळांसाठी नळ्या, चंबू... फुंकायची नळी त्या खाचेत धरतो."

मी कड कापायला घेतली. कानशिलं गरम झाली होती. त्यावर प्लॅस्टर होतं ते बरं.

कोपऱ्यातून काकांचा आवाज आला. काका म्हणजे लॅबमधले सगळ्यात जुने. चाळीस वर्षं मशीनच्या घरघरीत बसून कान गेलेले. त्यांना वाटतं आपण कुजबुजतो. प्रत्यक्षात बोळाच्या टोकापर्यंत ऐकू जातं.

"पोरी, हा तोच का गं, ज्याला तू परवा शिव्या घालत होतीस?"

काचवाल्यानं गंभीर चेहऱ्यानं छतावरचा पंखा पाहायला सुरुवात केली.

*

त्याला झालं होतं ते असं : गालांच्या आत पांढऱ्या रेषांची नाजूक जाळी, आणि हिरड्या लालभडक, सोलून निघाल्यासारख्या. पाणीसुद्धा झोंबायचं. पेस्टचा फेस लागला की डोळ्यांतून पाणी. "तोंड आलंय, जाईल," म्हणत त्यानं सात महिने काढले. आलेलं तोंड काही गेलं नाही. शेवटी मॅडमकडे आला.

मॅडम म्हणजे आमच्या विभागाच्या मोठ्या डॉक्टर. तोंडाच्या आजारांत त्यांचा हात धरणारं कोणी नाही, आणि फटकळपणातही नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं होतं, "याला लायकेन प्लॅनस म्हणतात. तुमच्या शरीराचे पहारेकरी तुमच्याच घरावर दगड मारतायत. हा पाहुणा नाही, भाडेकरू आहे. घर सोडणार नाही. पण शिस्तीत राहायला लावता येतो."

शिस्त म्हणजे माझे ट्रे. त्यात औषधाची बारीक रेघ ओढायची, ट्रे दातांवर चढवायचे आणि दहा मिनिटं तोंड बंद. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मऊ ब्रश, बिनफेसाची पेस्ट, तिखट-आंबट बंद. आणि हिरड्या दुखतात म्हणून दात घासायचं टाळायचं नाही.

दुरुस्त केलेला ट्रे घेऊन तो गेला. चार दिवसांनी पुन्हा हजर. मागच्याच दारानं.

"आता काय?"

"आता... जरासा सैल वाटतोय."

मी तपासला. अजिबात सैल नव्हता. तरी उगाच इकडून तिकडून पॉलिश करून दिला. पुढच्या आठवड्यात जरासा घट्ट. त्याच्या पुढच्या आठवड्यात नुसताच "वेगळा".

"ट्रेला काही झालेलं नाही," काका कुजबुजले आणि बाहेरच्या शिपायानं आत डोकावून पाहिलं. "त्या पोराचंच काहीतरी सैल झालंय."

तो बोलायचा कमी. आधी वाटलं दुखतं म्हणून. मग कळलं, स्वभावच तसा. पण बघायचा खूप. मी मेण वितळवून दात कोरत असले की माझ्या हातांकडे बघत बसायचा. एकदा माझा स्पिरिटचा दिवा उचलून त्यानं नखानं टिचकी मारली, कान लावून ऐकलं.

"याच्या मानेत तडा आहे. कधीही तुटेल. हात भाजेल."

"दोन वर्षं तसाच आहे तो."

"दोन वर्षं भाजलं नाही, हे नशीब."

दोन दिवसांनी नवा दिवा घेऊन आला. स्वतः केलेला. बुटका, गोल, पोटात एक छोटा हवेचा बुडबुडा.

"हा बुडबुडा चुकून राहिला?" मी मुद्दाम विचारलं.

"...चुकून म्हणा हवं तर."

आणि एकदा, मी कशावर तरी खळखळून हसले तेव्हा तो म्हणाला, "तुमचा तो एक दात..."

मी चटकन ओठ मिटले. "आई रोज म्हणते, जगाचे दात सरळ करतेस आणि स्वतःचा वाकडा ठेवतेस. करून घेणार आहे."

"नका करू."

"का?"

तो रुमालाची घडी घालत राहिला. घातलेली घडी मोडून पुन्हा घातली. "तुम्ही हसता तेव्हा आधी तो येतो. बाकीचे मागून... असू दे तो तसाच."

त्या दिवशी मी एका आजोबांच्या कवळीत दाढेच्या जागी सुळा बसवला. काकांनी तो बोटानं दाखवला. मग काका एवढंच म्हणाले, "होतं असं."

सहाव्या आठवड्यात हिरड्यांचा लाल रंग उतरला. तो सफरचंद घेऊन आला आणि माझ्यासमोर उभं राहून त्यानं त्याचा कचकन लचका तोडला. नऊ महिन्यांत पहिल्यांदा. हनुवटीवरून रस ओघळला. त्याच्या डोळ्यांत असं काही होतं की मी काहीतरी शोधण्याच्या निमित्तानं कपाटामागे गेले.

*

आणि मग मागे राहिला तो जिभेच्या कडेचा चट्टा.

गाल सुधारले, हिरड्या सुधारल्या, पण जिभेच्या उजव्या कडेला एक लालसर-पांढरा डाग हटेना. मॅडमनी दोन आठवडे वाट पाहिली. मग एक बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला, दोन टाके घातले. निकाल दहा दिवसांनी. टाके सातव्या दिवशी काढायचे.

सातव्या दिवशी तो आला नाही. आठव्याही नाही.

मॅडम लॅबच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "तुझा काचवाला टाके काढायला आला नाही. फोनही उचलत नाही."

"माझा नाही तो!" मी फार लवकर म्हणाले.

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बरं. ज्याचा असेल त्याचा असेल. टाके त्याच्याच जिभेत आहेत, आणि ते काढायचेत."

त्या गेल्या. मी समोरच्या साच्याकडे पाहत बसले. काकांनी माझ्या हातातली सुरी काढून घेतली.

"जा पोरी. हे दात कुठे पळून जात नाहीत."

त्याचा कारखाना मला माहीत होता. "कधी या बघायला" असं त्यानं तीनदा म्हटलं होतं आणि तिन्ही वेळा वाट समजावून सांगितली होती. लोखंडी जिना, वर लांब खोली, पत्र्याचं छत. भिंतीला टेकलेल्या काचेच्या नळ्या, बोटाएवढ्या बारीक ते मनगटाएवढ्या जाड. मधे भट्टीची शेगडी, विझलेली. तो जमिनीवर बसून एक भलंमोठं काचेचं वेटोळं खोक्यातल्या भुशात बसवत होता. नळीच्या आत नळी, तिच्या आत पुन्हा वळणावळणाची नळी. अर्धवटच झालेलं.

"हे कुठे चाललंय?"

त्यानं दचकून वर पाहिलं. हात पुन्हा तोंडाकडे गेला. इतक्या आठवड्यांत ती सवय गेली होती... परत आली होती.

"परत. संशोधन संस्थेचं काम आहे. दुसऱ्या कोणाला तरी देतील."

"मॅडमनी जखम भरेपर्यंतच फुंकू नका म्हटलंय."

"मी म्हटलं, कायमचीच सवय करून घेऊ."

"आणि ट्रे?"

त्यानं भुशाची आणखी एक मूठ उचलली.

"औषध बंद केलंत?"

"निकाल वाईट आला, तर हिरड्या सुंदर असून काय करायचंय?"

इतका राग आला मला! सहा आठवडे एवढी मेहनत केली होती त्या हिरड्यांवर, त्यानं आणि थोडी मीही. काहीतरी खरमरीत बोलणार होते, एवढ्यात खिडकीतले दोन कप दिसले. एकाच्या कानाला निळा दोरा बांधलेला.

"हा दोरा कशाला?"

"माझा कप ओळखू यावा म्हणून."

"इथे तर तुम्ही एकटेच असता."

त्यानं भुसा आणखी आत दाबला. मग म्हणाला, "माझं लग्न ठरलं होतं. हे तोंडाचं सुरू झालं आणि तिनं तो दोरा बांधला. वाईट नव्हती ती. नुसती घाबरली होती... मी जेवायला बसलो की ती वेगळ्या ताटाचा विचार करते आहे, हे मला दिसायचं. मग मीच म्हटलं, राहू दे. तिनं सुटकेचा श्वास टाकला. तो ऐकला मी."

कपात अर्धा चहा होता, गार झालेला, वर साय आलेली. मी कप उचलला आणि एक घोट घेतला.

तो ताडकन उठला. "अहो, तो माझा—"

"साखर फार घालता तुम्ही."

"तुम्हाला काही झालं तर!"

"काय होणार? हा काही लागणारा आजार नाही. एका माणसाचा दुसऱ्याला होत नाही. मॅडमनी तुम्हाला शंभरदा सांगितलं असेल." मी दुसरा घोट घेतला. खरं सांगायचं तर चहा फार वाईट होता. "त्यांच्यावर विश्वास नाही, तिच्या दोऱ्यावर आहे?"

दोरा मी दातानं तोडला. वाकड्या दातानं. अशा कामाला तो फार चांगला आहे.

तो माझ्याकडे पाहत राहिला. पत्र्यावर पावसाचे दोनचार थेंब वाजले आणि थांबले.

"आणि निकाल वाईट आला तर?" त्यानं हळूच विचारलं.

"तर त्याला तोंड देऊ."

"कुठलं तोंड? हे?"

"दोघांचं मिळून एक तरी धड होईल ना!"

त्याला हसू आलं, आणि टाक्यांमुळे हसता येईना. मला मात्र हसता-हसता रडू यायला लागलं. मी पाठ फिरवून नळ्यांकडे बघत बोलले, कारण तसं सोपं होतं.

"सात वर्षं माझ्या टेबलावरून तोंडं जातात. कोणाचे दात पडलेले, कोणाचे जबडे कापलेले. मी सगळं मन लावून करते, डब्यात भरते, नंबर घालते, वर पाठवते. पुढे त्यांचं काय झालं ते मला कधीच कळत नाही. कधी विचारलंही नाही मी. पण तुझं... तुझं मला कळायला हवं. चांगलं असो, वाईट असो."

'तुझं' कधी म्हटलं ते मला कळलंच नाही. त्याला कळलं होतं.

"टाके काढायला किती वाजता जायचं?" त्यानं विचारलं.

"आत्ता."

"आत्ता मी भुशानं माखलोय."

"आणि मी प्लॅस्टरनं. चल."

*

निकालाच्या दिवशी मी एकशे बेचाळीस नंबरचा साचा कागदात गुंडाळून छातीशी धरून बसले होते. आदल्या दिवशी तो पुन्हा काढून पाहिला होता. उजवीकडच्या खालच्या दाढेत एक जुनं चांदीचं भरण. कड खडबडीत, दाढेच्या बाहेर आलेली. साच्यावर बोट फिरवलं तरी टोचत होती. आणि चट्टा बरोबर तिच्याच समोर.

मॅडमनी दोघांनाही आत बोलावलं. पाकीट उघडलं. त्या वाचत असताना त्यांच्या टेबलावरचं घड्याळ किती मोठ्यानं वाजतं ते मला पहिल्यांदाच कळलं. तो खुर्चीच्या टोकावर बसला होता, हात मांडीवर. तोंडावर नव्हे.

"कॅन्सर नाही," मॅडम म्हणाल्या.

समोरच्या भिंतीवर दात घासायची पद्धत दाखवणारं चित्र होतं, ते तो अगदी लक्ष देऊन वाचत होता.

"तो आपला जुनाच भाडेकरू आहे," मॅडम पुढे म्हणाल्या, "फक्त या कोपऱ्यात त्याला कोणीतरी सारखं डिवचतंय."

"मॅडम, मला सापडलंय कोण ते!" मी साचा टेबलावर ठेवला. "हे चांदीचं भरण बघा. चट्टा बरोबर याच्यासमोर येतो."

मॅडमनी फाईलचं पहिलं पान उघडून माझ्यासमोर सरकवलं. तिथे त्यांच्या अक्षरात, दोन महिन्यांपूर्वीची तारीख घालून, तेच लिहिलेलं होतं.

"कागद वाचायची सवय लाव," त्या म्हणाल्या. "आधी औषधानं काय होतं ते पाहायचं होतं, मग निकाल हातात हवा होता. म्हणून थांबले." मग साच्यावरून एकदा बोट फिरवून, जरा खालच्या आवाजात, "पण बरोबर पाहिलंस हं."

जुनं भरण काढून नवं, दातांच्या रंगाचं घालायचं ठरलं. ट्रे आणि औषध पुन्हा सुरू.

"आणि दर तीन महिन्यांनी मला तोंड दाखवायचं," त्यांनी त्याला बजावलं. "सगळं छान वाटत असलं तरी. असे चट्टे क्वचित कधी वळण बदलतात, म्हणून आयुष्यभर लक्ष ठेवायचं. पुढच्या वेळी फोन उचलला नाहीत, तर मी स्वतः जिना चढून येईन. माझे गुडघे दुखतात. मग तुमचं काही खरं नाही."

बाहेर बोळात आल्यावर तो भिंतीला टेकून उभा राहिला. शेजारून पेशंट जात होते, ट्रॉल्या जात होत्या.

"तू रडतोयस?"

"नाही. भूक लागलीये," तो म्हणाला. आणि रडला.

*

दहा आठवड्यांनंतरचा एक रविवार. चट्टा विरत विरत नखाएवढा झाला, मग दिसेनासा झाला. मॅडमनी फुंकायला परवानगी दिली, आणि ट्रे दिवसातून एकदाच. संशोधन संस्थेनंही वेटोळ्याची वाट पाहिली होती. असं वेटोळं करणारा दुसरा कोणी त्यांना मिळालाच नव्हता.

मी सकाळीच कारखान्यात गेले होते. त्यानं मला एक गुलाबीसर काचांचा चष्मा दिला. "लाव. नुसत्या डोळ्यांना फक्त भडका दिसतो."

खरंच. चष्मा लावला आणि ज्वाळेतला पिवळा रंग पुसल्यासारखा गेला. उरली फक्त काच, पाकासारखी वळणारी. त्यानं नळी दातांत धरली, गाल किंचित फुगवले. जाळी असलेले तेच गाल. आणि वेटोळ्याच्या टोकाशी एक गोळा हळूहळू, अगदी हळूहळू मोठा होत गेला. मी श्वास धरून बसले होते. त्याच्या श्वासानं काच फुगत होती, आणि माझं काय होत होतं ते मी सांगत नाही.

काम संपलं. त्यानं शेगडी विझवली, चूळ भरली, डबीतून ट्रे काढले.

"सकाळचं राहिलंय," तो म्हणाला. औषधाची रेघ ओढली, ट्रे चढवले, ओठ मिटले आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर गप्प बसला.

मी घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं. आणि मी बोलायला सुरुवात केली.

"ऐक. आत्ता तुला मधे बोलता येत नाही, म्हणून आत्ताच सांगते. मला तू आवडतोस."

"अं—"

"गप्प. औषध बाहेर येईल. मला तू आवडतोस. दिव्यातला तो बुडबुडा चुकून राहिलेला नाही, हे मला कळतं. तुझं हे दुखणं जाणार नाही, हेही मला माहीत आहे. महिनेच्या महिने बरं राहील आणि मग एखाद्या सकाळी पाणीसुद्धा झोंबेल. तेव्हा तू गप्प होशील, चिडशील. चालेल मला. फक्त तेव्हा तोंड लपवून बसायचं नाही. माझ्यापासून तरी नाही. एवढं एकच मागणं आहे. आणि... हो. चहात साखर कमी घालायची. म्हणजे दोन मागणी झाली."

त्याचे डोळे मोठे मोठे होत गेले होते. मी घड्याळ पाहिलं. फक्त तीन मिनिटं झाली होती!

सात मिनिटं उरली होती आणि माझ्याजवळचं सगळं बोलून संपलं होतं.

इतकी केविलवाणी सात मिनिटं मी आयुष्यात काढलेली नाहीत. खिडकी पाहिली. नळ्या मोजल्या. त्याच्याकडे पाहायचं धाडस होईना. त्यानं फळीवरचा खडू उचलला, टेबलावर काहीतरी लिहायला वाकला.

मी खडू हिसकावून घेतला. "लिहून नाही. तोंडानं सांग."

त्यानं हात जोडले. मी मान हलवली. तो शहाण्यासारखा बसून राहिला, आणि एका मिनिटानं त्यानं नुसता हात पुढे केला, तळवा वर. भाजल्याच्या बारीक खुणांनी भरलेला. मी त्यावर माझा हात ठेवला. उरलेली मिनिटं मग तेवढी लांब वाटली नाहीत.

वेळ झाली. तो उठला, मोरीपाशी गेला, ट्रे काढले, थुंकला, ओठ पुसले, परत आला. सगळं इतक्या सावकाश की मी त्याला ढकलणारच होते.

"मी पाठ केलं होतं," तो म्हणाला. "आज मीच बोलणार होतो. काम झालं की. सगळं पाठ होतं."

"मग म्हण."

"तू सुरुवात केलीस आणि मी विसरलो. दहा मिनिटं नुसती लाळ गिळत बसलोय." त्यानं माझ्या गालावरून अंगठा फिरवला. "एवढंच आठवतंय... की मला तू हवी आहेस. रोज. सकाळी उठल्यावर झोंबतंय की नाही, हे पहिल्यांदा तुला सांगायचंय."

यापेक्षा सुंदर काही मला कोणी म्हटलेलं नाही. त्याचा चेहरा जवळ आला. शेगडीच्या धगीचा वास येत होता त्याच्या शर्टाला. मी डोळे मिटले...

काहीच झालं नाही.

डोळे उघडले. तो कपाळाला आठ्या घालून उभा.

"अर्धा तास," तो म्हणाला.

"काय अर्धा तास?"

"औषधानंतर अर्धा तास तोंडाला काही लागू द्यायचं नाही. मॅडमनी लिहून दिलंय."

"त्यांनी खाण्यापिण्याबद्दल लिहिलं असेल!"

"'काही' असं लिहिलंय. 'काही'त सगळं येतं." तो अगदी रडवेला झाला होता. "तूच म्हणालीस, शिस्त..."

काय करणार? मीच शिकवलेली विद्या माझ्यावरच उलटली होती. आम्ही लोखंडी जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसलो, मधे बोटभर अंतर ठेवून. खाली अंगणात कोणीतरी चादरी वाळत घालत होतं. ऊन कोवळं होतं.

"किती झाली?"

"चार."

"आता?"

"अजून चारच."

मग मी त्याला विचारलं, आईला काय सांगायचं. तिचा पहिला प्रश्न असणार, मुलगा काय करतो.

"सांग, फुंकतो."

"तिला वाटेल, पैसे फुंकतो!"

तो हसला. मोठ्यानं, हात तोंडावर न नेता. मग त्यानं मला त्याच्या बहिणीच्या गमती सांगितल्या, मी त्याला काकांच्या. काकांना लग्नाला बोलवायचं तर लग्नात कुजबुजू नका असं कसं सांगायचं, यावर बराच वेळ गेला. घर कुठे घ्यायचं, खिडकी पूर्वेला हवी की पश्चिमेला, यावर आमचं पहिलं भांडणही झालं. तो म्हणत होता पूर्व. मी म्हणत होते, सकाळी डोळ्यांवर ऊन घेऊन कोण उठणार. चादरी वाळत घालणारी बाई दोनदा वर पाहून गेली. ऊन पायांवरून गुडघ्यांवर आलं.

अचानक तो बोलायचा थांबला. माझं मनगट उचलून त्यानं घड्याळ पाहिलं.

"पंचेचाळीस मिनिटं!" तो हळहळला. "अगं, पंधरा मिनिटं फुकट गेली की!"

सोळावं मात्र आम्ही वाया जाऊ दिलं नाही.